२६ जानेवारीची जोडून सुट्टी, दोघंच, हातात परवानगी कुठलीच नाही: जायचं कुठे?

दीड_शहाणा | बुधवार, २१ जानेवारी, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. मी आणि बायको, मुक्काम डोंबिवली, लग्नाला दीड वर्ष. तेव्हापासून "एकदा सॅक पाठीवर टाकून तीन दिवस नुसतं चालायचं" असं घोकतोय आणि दर वेळी कुणाचं तरी बारसं निघतं. या वेळी शनि-रवि-सोम दोघांनाही सुट्टी मिळालीय. माझ्या डोक्यात साताऱ्याकडचा वासोटा होता. बामणोलीहून लाँच, वर किल्ला, रात्री पाण्याच्या काठाला तंबू, दुसऱ्या दिवशी नागेश्वर. तंबू मित्राकडून आणलाही.

आज दुपारी बामणोलीकडच्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला. तो आधी हसला. मग म्हणाला, जंगलात मुक्काम होत नाही, सकाळी वनखात्याची परवानगी काढून जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. शिवाय बोट अख्खी करावी लागते, तुम्ही दोघं असा नाहीतर दहा.

तर आता परवा रात्री किंवा शनिवारी पहाटे निघायचंय आणि हाती काही नाही. गाडी नाही, एसटी चालेल. बायको डोंगरात माझ्यापेक्षा बरी चालते पण उतारावर तिचा डावा गुडघा कुरकुरतो. आधीपासून परवानगी, बुकिंग, आयोजकांचा ग्रुप यातलं काही नको. सुचवा.

---

चहा_बिस्कीट | बुध, रात्री ११:२६

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आमचीही हीच कथा, फक्त आमच्याकडे तंबूही नाही.

---

रानवाट४२ | बुध, रात्री ११:५१

एवढं काय घाबरता? कोकणातून चोरवण्याहून चढा. नागेश्वराच्या गुहेत झोपा, पहाटे वासोटा करून त्याच वाटेने खाली. बामणोलीला पाय लावायचीच गरज नाही. आम्ही २००३ साली केलंय, कुणी हटकलं नाही.

---

जुना_डोंगऱ्या | गुरुवार, सकाळी ६:०५

वरचा सल्ला कृपया कुणी घेऊ नये. २००३ साली तिथे कोयना अभयारण्य होतंच, म्हणजे तेव्हाही ते चूकच होतं. २०१० पासून तो सह्याद्री व्याघ्रप्रकल्प आहे. चोरवण्याची वाट कोकणातून निघते म्हणून जंगल दुसरं होत नाही. परवानगीशिवाय शिरलात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि झाडाझाडाला वाघासाठी लावलेल्या कॅमेऱ्यात पहिला फोटो तुमचा निघेल.

आणखी एक. तिथे पाय मुरगळला तर मदत मागायला ज्यांना फोन कराल, त्यांच्यापासूनच तुम्ही लपत असाल. दोघंच असताना हा विचार आधी करावा.

---

रानवाट४२ | गुरु, सकाळी ८:४०

बरं बाबा. म्हाताऱ्यांनी धागा ताब्यात घेतला. गप्प बसतो.

---

पर्णिका | गुरु, सकाळी ९:१५

राजगड-तोरणा करा की. गुंजवण्यातून राजगड, संजीवनी माचीवरून अळू दरवाजा, तिथून डोंगराच्या सोंडेवरून सरळ तोरण्याची बुधला माची, उतरून वेल्हे. दोन दिवसांत आरामात होतं आणि वाट मळलेली आहे. मी आणि नवरा दोघंच गेलो होतो, मधल्या सोंडेवर ताक विकणाऱ्या मावशी भेटल्या, एवढी ती वाट जागती आहे.

दोन गोष्टी मात्र लक्षात घ्या. जोडून सुट्टीला राजगडावर जत्रा असते. त्यात २०२५ साली युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले त्यात राजगड आहे, म्हणजे गर्दीत भरच. आणि वर पद्मावती माचीवर मुक्काम करता येईलच असं धरून जाऊ नका, गुंजवण्यात आधी विचारा. तुमच्या गुडघ्याच्या (म्हणजे बायकोच्या) दृष्टीने तोरण्याची उतरण वाईट आहे, घसरडा मुरूम.

---

दीड_शहाणा | गुरु, सकाळी १०:०२

आभार. राजगड-तोरणा आमचा कॉलेजात झालाय, तेव्हा आम्ही एकमेकांशी बोलतही नव्हतो. पुन्हा जायला आवडेल पण जत्रेत नको. रतनगड ते हरिश्चंद्रगड कसं वाटतं? नाहीतर सांदण दरी?

---

जुना_डोंगऱ्या | गुरु, दुपारी १:३०

जेवून बसलोय, सविस्तर लिहितो.

रतनगड-हरिश्चंद्रगड सुंदरच. पण तो सगळा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग. नाक्यावर पावती फाडून जाता येतं, आगाऊ परवानगीचं लफडं नाही, तरी रात्री कुठे राहू देतील ते त्या त्या वेळचे नियम ठरवतात. शिवाय या तीन दिवसांत हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यापाशी तंबूंची गल्ली असणार. सांदण दरीत दोरावर उतरायची रांग असेल. तुम्हाला 'नुसतं चालायचंय' असं म्हणालात. मग तिकडे जाऊ नका.

तुम्ही डोंबिवलीचे. कल्याण स्टँडवरून माळशेजकडे जाणाऱ्या गाड्या मिळतात आणि तुम्ही सातारा धरून बसलात! नाणेघाट, मग जीवधन आणि चावंड हे दोन किल्ले, शेवटी जुन्नर. तीन दिवस, दोन मुक्काम. कोकणातून घाटावर पायी चढायचं आणि घाटावरून एसटीने परत यायचं. गेल्या तीसेक वर्षांत मी हे सात-आठ वेळा केलंय, त्यातलं चार वेळा बायकोबरोबर.

शनिवारी पहिली मिळेल ती गाडी घ्या. मुरबाड, टोकावडे, मग वैशाखरे. वैशाखऱ्याच्या जरा पुढे नाणेघाटाच्या फाट्यावर उतरवा म्हणून वाहकाला चढतानाच सांगून ठेवा, नाहीतर माळशेजच्या बोगद्यापाशी जागे व्हाल. रस्त्यालगतच वाट सुरू होते. सावकाश तीन तास. वाट म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी रस्ताच आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच नळीतून (अरुंद घळीतून) जुन्नरला जायचा. शेवटच्या टप्प्यात दगडी पायऱ्या लागतात. वर पोचायच्या जरा आधी गुहा आहे, तिच्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख. कोणते यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून किती गाई, किती हत्ती, किती कार्षापण (तेव्हाची नाणी) दिले याचा हिशेब भिंतभर कोरलाय. आकडे आहेत त्यात, ब्राह्मीतले आकडे इतक्या जुन्या काळातले फार थोड्या ठिकाणी सापडतात. समोरच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते, आता पावलं आणि नावं उरलीत. आमच्या तरुणपणी सगळे त्या गुहेत पथाऱ्या पसरायचे, मीही पसरलीय. आता तसं करू नका, संरक्षित स्मारक आहे.

गुहा सोडून नळी चढलात की दगडी रांजण. जकातीची नाणी यात टाकत अशी लोकांत गोष्ट आहे. शेजारी नानाचा अंगठा म्हणतात त्या कड्यावर बसून डबा खा, पण माकडांकडे पाठ करून नव्हे.

तिथून पठारावरून घाटघर गाव. मुक्काम गावात. रविवारी सॅक घरात ठेवून जीवधन. घाटघरच्या बाजूने चढा आणि त्याच बाजूने उतरा. वानरलिंगी सुळक्याच्या बाजूने कल्याण दरवाजाने येणारी वाट आहे, पण तिथला कातळटप्पा पाठीवर ओझं असताना आणि सोबत दोरी नसताना करायचा नाही. दोघांत एकजण अडकला तर दुसरा एकटाच उरतो. १८१८ मध्ये इंग्रजांनी इथल्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, म्हणून घाटघरच्या बाजूलाही थोडे हात लावून चढायचे टप्पे आहेतच. वर धान्यकोठी बघा. आत बॅटरीशिवाय काही दिसत नाही. कड्यावरून वानरलिंगीचा सुळका दिसतो, साडेतीनशे फुटांच्या आसपास, एकटाच उभा.

दुपारी उतरून चावंडच्या दिशेला चालू लागा. गाडीरस्ता आहे, कंटाळा आला तर जीप मिळाली तर घ्या. वाटेत पूर गावात कुकडेश्वराचं देऊळ. कुकडी नदीचा उगम तिथे. दुसरा मुक्काम चावंडवाडीत, सोमवारी सकाळी चावंड, दुपारी जुन्नर, संध्याकाळी कल्याणची गाडी.

आगाऊ परवानगी कुठेही नाही. गावातली समिती पावती फाडत असेल तर खळखळ न करता द्या. पावसाळ्यात मात्र कलेक्टरांचे बंदीचे आदेश निघतात, हे पुढे धागा वाचणाऱ्यांसाठी.

---

टिवल्याबावल्या | गुरु, दुपारी २:१२

घाटघर म्हणजे जबरी जागा! जलविद्युत प्रकल्पाचं धरण, कड्यावरून खाली कोकण, शेजारी भंडारदरा. तिथे रिसॉर्टही बरीच आहेत, बुकिंग करून टाका.

---

कुकडीकाठ | गुरु, दुपारी २:३०

@टिवल्याबावल्या, ते घाटघर वेगळं. तुमचं अकोले तालुक्यातलं, हे आमच्या जुन्नर तालुक्यातलं. हा गोंधळ इतका होतो की जुन्नर स्टँडवर उतरून "भंडारदऱ्याला रिक्षा किती घ्याल" विचारणारे भेटलेत. नकाशात टाकताना 'घाटघर, जुन्नर' असंच टाका.

मी जुन्नरचाच. जुना_डोंगऱ्या काकांचा बेत बरोबर आहे, त्यात माझी एकच भर आणि ती महत्त्वाची. तंबू घरी ठेवा.

जुन्नर तालुका म्हणजे बिबट्या हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र उगीच नाही. ऊस आहे ती बाजू पूर्वेची, धरणाखालची, बागायती. बिबट्याची पिलंही उसातच वाढतात. घाटघरच्या बाजूला ऊस नाही, भात आणि नाचणी, त्या मानाने कमी त्रास. पण तुम्ही चालत पूर्वेकडे येणार, चावंडवाडीनंतर खाली माणिकडोहच्या बाजूला. तिथे शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी, 'किती छान निवांत जागा' म्हणून तंबू ठोकू नका. अंधार पडल्यावर रस्त्याने दोघंच चालू नका. संध्याकाळी सहाच्या आत कुणाच्या तरी ओसरीवर.

राहायचं कसं? घाटघरात उतरा, पहिल्या दुकानात चहा घ्या आणि विचारा. जेवण आणि झोपायची सोय करणारी घरं आहेत. पैसे किती ते आधीच मोकळेपणाने विचारा, लाजू नका. आमच्याकडची माणसं पाहुण्याकडे पैसे मागायला संकोचतात, मग शहरातले शंभराची नोट ठेवून जातात आणि वर फेसबुकावर 'निरागस आदरातिथ्य' लिहितात. बहुतेक महादेव कोळी वस्ती आहे. भात, नाचणी आणि हिरडा यावर घर चालतं. भाकरीला तूप लावून दिलं तर ते तूप विकत आणलेलं नसतं हे लक्षात असू द्या.

---

चहा_बिस्कीट | गुरु, दुपारी ३:००

ते शंभराच्या नोटेचं वाक्य टोचलं. (मी दोनशे ठेवले होते.)

---

काळजीवाहू | गुरु, दुपारी ४:४५

एक व्यावहारिक प्रश्न. दोघंच जाणार, तर लग्नाचं प्रमाणपत्र जवळ ठेवावं का? आमच्या ओळखीच्या एका जोडप्याला एका ठिकाणी फार प्रश्न विचारले होते.

---

पर्णिका | गुरु, दुपारी ५:२०

ओळखपत्रं दोघांची ठेवा, ती कुठेही लागतात. प्रमाणपत्राची लॅमिनेटेड प्रत घेऊन जीवधन चढायची कल्पना मात्र भारी आहे. गावात कुणी कागद मागत नाही. घरातली आजी पाच मिनिटांत माहेर, सासर, आडनाव, मूलबाळ सगळं काढून घेते, पोलिसांपेक्षा कसून. त्याची तयारी ठेवा.

आता बाईच्या बाजूने लिहिते कारण इथे कुणी लिहिणार नाही. निघायच्या आधी तारीख बघून ठेवा, आणि जवळ आली नसली तरी सामान बरोबर घ्या. चढल्यामुळे माझी दोनदा आधी आलीय. वापरलेलं सगळं जाड पिशवीत घालून परत आणायचं, डोंगरात पुरायचं नाही, कुत्री उकरतात. गावात मुक्काम करायचं माझं खरं कारण बिबट्या नाही, सकाळची सोय हे आहे. घर ठरवताना पहिला प्रश्न संडास आहे का हा. नवऱ्याला विचारायला लावू नका, तो "काय मोकळं रान आहे" म्हणेल.

गुडघ्याला: काठ्या. दोन. आणि उतरताना तिची सॅक हलकी, चढताना वाटल्यास जड.

---

दीड_शहाणा | गुरु, रात्री ९:३०

ठरलं! नाणेघाट. सगळ्यांना दंडवत. बायकोला धागा वाचून दाखवला. पर्णिकाताईंचा प्रतिसाद तिने माझ्या हातातून मोबाईल घेऊन स्वतः वाचला आणि परत दिलाच नाही बराच वेळ.

सॅक भरतोय. तंबू, दोन स्लीपिंग बॅग, मॅट, गॅसचा छोटा स्टोव्ह, भांडी, मॅगी, पाणी, कपडे. चौदा किलो भरली. बरोबर आहे ना?

---

जुना_डोंगऱ्या | गुरु, रात्री ९:४८

नाही.

तंबू काढा. स्टोव्ह आणि गॅस काढा, लोकलमध्ये न्यायला तसाही मनाई आहे. भांडी काढा. मॅगी काढा, तुम्ही भाकरीच्या गावाला जाताय. ठेवा: प्रत्येकी एक स्लीपिंग बॅग, एक जाड स्वेटर (पहाटे पठारावर बोटं आखडतात), कानटोपी, प्रत्येकी तीन लिटर पाणी, दोन बॅटऱ्या म्हणजे दोघांना एकेक. मोबाईलची बॅटरी ती बॅटरी नव्हे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, खजूर. एक वीस फुटी दोरी. नकाशा आधीच उतरवून ठेवा, घाटात रेंज जाते. घरी कुणाला तरी कागदावर लिहून द्या की शनिवारी कुठे, रविवारी कुठे, आणि सोमवारी रात्री दहापर्यंत फोन आला नाही तर काय करायचं.

बूट जुने घाला. साधे अ‍ॅक्शन कंपनीचे कातळावर छान धरतात.

---

रानवाट४२ | गुरु, रात्री १०:१५

न राहवून लिहितो. अत्तर, डिओ काही मारू नका. कड्यांना आग्या मोहोळं असतात. शेकोटी, सिगरेट, आरडाओरडा किल्ल्यावर नको. माश्या उठल्याच तर हातवारे करून हाकलत बसू नका, डोकं-तोंड झाकून तिथून बाजूला व्हा. हे मी २००३ साली नाही, २०१६ साली शिकलो. चेहरा आठवडाभर पपईसारखा होता.

---

जुना_डोंगऱ्या | गुरु, रात्री १०:२०

या प्रतिसादाला मनापासून +१.

---

दीड_शहाणा | शुक्रवार, रात्री ११:५५

नऊ किलो. तंबूबद्दल घरात मतभेद आहेत. मी घेतोय, अडीच किलोच आहे. निघतो पहाटे.

---

ती_बायको | मंगळवार, २७ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार. मी ती गुडघेवाली. खातं आजच उघडलं, कारण वृत्तांत नवऱ्यावर सोपवला तर त्यात तो जीवधनावर कसा चढला ते येईल आणि कसा अडकला ते येणार नाही.

शनिवारी साडेनऊला नाणेघाटाच्या फाट्यावर उतरलो. आमच्याबरोबर आणखी दोन ग्रुप उतरले, त्यांतल्या एकाच्या हातात स्पीकर. आम्ही अर्धा तास मुद्दाम बसून राहिलो, त्यांना पुढे जाऊ दिलं. हे सगळ्यांना सुचवते. घाई नसलेला माणूस गर्दीतही एकटा चालू शकतो. चढायला आम्हाला साडेतीन तास लागले.

गुहेत मी बराच वेळ बसले. लेख वाचता येत नाही, पण काका, तुम्ही सांगितलेले आकडे शोधत होते. नंतर त्या पुतळ्यांच्या पावलांकडे बघत बसले. बाकीचं सगळं गेलं आणि नुसती पावलं राहिली, तीसुद्धा वाटेवरच्या गुहेत. नवरा तोवर रांजणापाशी माकडांशी दशमीवरून वाटाघाटी करत होता. दशमी गेली.

घाटघरात चहाच्या दुकानात विचारलं, त्यांनी त्यांच्या पुतण्याकडे पाठवलं. दोघांचं रात्रीचं जेवण, झोपणं, सकाळचा चहा-पोहे, सगळं मिळून किती ते मी विचारलं, त्यांनी सांगितलं, मी हो म्हटलं. दोन मिनिटांत विषय संपला. पर्णिकाताई, पहिला प्रश्न मीच विचारला. आहे, घराच्या मागे, स्वच्छ, बादलीभर गरम पाण्यासकट. आणि आजी! नऊ मिनिटं. घड्याळ लावलं होतं. "दीड वर्ष झालं? मग?" या "मग"वर नवरा उठून अंगणात तारे बघायला गेला. रात्री नाचणीची भाकरी, पिठलं, लसणाचा ठेचा. झोपायला गोधडी दिली, तिच्या खाली स्लीपिंग बॅग लागलीच नाही. मध्यरात्री गावातली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली आणि तशीच एकदम गप्प झाली. आजी अंधारातच म्हणाल्या, "गेला." मी विचारलं नाही कोण.

तंबू कोपऱ्यात होता.

रविवारी जीवधन. सॅक घरात ठेवल्या, पाणी आणि दोरी एवढंच बरोबर. आजींचा नातू वाटेला लावून द्यायला आला तो वरपर्यंतच आला, पायात स्लिपर. खोदीव पायऱ्यांच्या वर एक टप्पा आहे जिथे पायऱ्या उडवल्यामुळे नुसता कातळ आणि खोबण्या राहिल्यात. मी नातवाच्या मागोमाग गेले, त्याने पाय ठेवला तिथे ठेवत. खाली बघते तर नवरा घोरपडीसारखा चिकटलेला. ना वर, ना खाली. दहा मिनिटं. दोरी त्याच्याच पाठीवर होती! म्हणजे ज्याच्याकडे दोरी तो खाली आणि ज्यांनी धरायची ते वर. शेवटी नातू खाली उतरला, दोरी काढून आणली, मी आणि त्याने एका मोठ्या दगडाला वेढा घालून धरली. काका, तुमच्या यादीत एवढं वाढवा: दोरी पहिल्या चढणाऱ्याकडे.

धान्यकोठीत आत मऊ राखेसारखी भुकटी पायाला लागते. नातू म्हणाला, साठवलेलं धान्य इंग्रजांच्या वेळी जळलं त्याची ही राख. खरं-खोटं माहीत नाही, पण आत गेल्यावर आम्ही तिघंही हळू बोलायला लागलो. कड्यावरून वानरलिंगी बघितली. तिच्याकडे बघताना गुडघा, नोकरी, बारशी, काही आठवलं नाही.

उतरताना दोन काठ्यांनी गुडघा वाचवला. बसून उतरायची लाजही सोडली. पँटची अवस्था विचारू नका. नातवाला पैसे देऊ केले, घेईना. आजींच्या हातात दिले, तेव्हा घेतले.

पूरपर्यंत चाललो. कुकडेश्वराच्या मंदिराला कळस नाही, बाहेरून साधंच वाटतं आणि जवळ गेल्यावर भिंतीवर एक वीत जागा कोरल्याशिवाय सोडलेली नाही. झंझ राजाने बारा नद्यांच्या उगमांवर बारा शिवालयं बांधली त्यातलं हे एक, असं तिथले एक आजोबा सांगत होते. साडेचार झाले होते. कुकडीकाठ यांचं सहाचं बंधन डोक्यात होतं म्हणून पुढे जीप केली आणि उजेडात चावंडवाडी गाठली.

सोमवारी सहा वाजता चावंड चढायचं ठरवलं होतं. पावणेसातला निघालो तर समोरून शाळेची प्रभातफेरी. पंधरा-वीस पोरं, हातात कागदी झेंडे, पुढे गुरुजी. गुरुजींनी "पाहुणे, झेंडावंदनाला थांबा" म्हटलं. नाही कसं म्हणणार? आम्ही सॅकसकट रांगेत उभे राहिलो. एका मुलीने भाषण पाठ केलं होतं, ते मध्येच विसरली, मग पहिल्यापासून सुरू केलं. तीन वेळा. कुणी हसलं नाही. शेवटी सगळ्यांना लाडू, आम्हालाही एकेक. किल्ल्याला हात लागला तेव्हा साडेनऊ झाले होते आणि ऊन चढलं होतं. तुटक्या पायऱ्यांवर रेलिंग आहे, अवघड नाही. वर सप्तमातृकांची सात टाकी एकाला एक लागून आहेत. मग एवढ्या उन्हात बसायला सावली शोधत फिरलो, ती चामुंडेच्या देवळाशी मिळाली.

जुन्नरात मासवडी खाल्ली. शिवनेरी राहिला. लेण्याद्रीही राहिलं. रात्री नऊला घरी फोन केला, सासूबाईंनी कागद हातात धरूनच उचलला असावा.

---

चहा_बिस्कीट | मंगळ, रात्री ११:०५

वाचनखूण साठवली. घोरपड हा शब्द नवऱ्याने मंजूर केला का?

---

दीड_शहाणा | मंगळ, रात्री ११:११

घोरपडीने गड चढायला मदत केल्याची गोष्ट ऐकलेली दिसत नाही कुणी. आणि पाच मिनिटं होती, दहा नाही.

---

टिवल्याबावल्या | बुधवार, सकाळी ९:३०

मस्त! त्या घाटघरच्या घराचा नंबर द्याल का? आम्ही चौदा जण आहोत, पुढच्या शनिवारी.

---

ती_बायको | बुध, सकाळी १०:१०

नंबर इथे टाकणार नाही, त्यांना विचारलेलं नाही. चौदा म्हणजे त्यांच्या घरात मावणारही नाहीत, आणि आजींना प्रत्येकाला नऊ मिनिटं म्हणजे दोन तास. स्टँडवर उतरून चहाच्या दुकानात विचारा, दोन-तीन घरांत विभागून सोय करतील. आधीच्या दिवशी कळवता आलं तर बरं, चौदा जणांच्या भाकऱ्या ऐन वेळी थापणं सोपं नाही.

---

पर्णिका | बुध, सकाळी १०:४०

तंबूचं काय झालं शेवटी?

---

ती_बायको | बुध, सकाळी १०:४४

तीन दिवस फिरला. मित्राला परत दिला, न उघडता. मित्र म्हणाला, "अरे, यात खांब नव्हतेच, ते माझ्याकडे राहिले होते."

---

जुना_डोंगऱ्या | बुध, सकाळी ११:००

बायकोला वाचून दाखवलं. ती विचारतेय, दुसरी बॅटरी आठवणीने नेली होती ना?

---

ती_बायको | बुध, सकाळी ११:२०

नेली होती काका. धान्यकोठीत दोन्ही लागल्या. एक आजींच्या घरी कोनाड्यात राहिली, निळी, डोक्याला बांधायची.

---

कुकडीकाठ | बुध, दुपारी १:१५

शनिवारी घाटघरला भाच्याकडे चाललोय. चहाच्या दुकानात विचारून घर काढतो. बॅटरी आजींनाच लागत असेल तर तिथेच ठेवतो, नाहीतर घेऊन येतो, पुढच्या वेळी शिवनेरीला याल तेव्हा जुन्नर स्टँडवर घ्या.

---

ती_बायको | बुध, दुपारी १:२२

तिथेच ठेवा. सेल नवीन नेऊन द्याल का, तीन लागतात, बारीकवाले. पैसे देते.